आखाजीआधीचा आंबा

आमच्या घराण्यात एक गोष्ट कित्येक वर्षे चुकीची सांगितली जात आहे. तीत मला नायक केलेले असल्यामुळे मी ती मुकाट्याने ऐकून घ्यावी, अशी सर्वांची अपेक्षा दिसते. माझ्या थोरल्या बहिणीचा धाकटा मुलगा लग्नकार्यात पंगत उठली की ती रंगवून सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या जन्माच्या पुष्कळ आधी, त्याची आई एका उन्हाळ्यात माहेरी अंथरुणाला खिळली होती. तिला आंबा हवा होता. कठोर आजोबा तो देईनात. आणि मामाने, म्हणजे मी, झाडावरचा आंबा चोरून तिला खाऊ घातला. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मला त्या कौतुकाचा संताप येतो. माझे वडील कठोर नव्हते आणि मी चोर नव्हतो. त्याची आई, म्हणजे आमची अक्का, हयात होती तोवर हे ऐकून नुसती हसायची. मुलाचे मन तिला मोडवत नसे. मला तशी काही अडचण नाही.

आमचे गाव गोरेगावच्या बाजाराच्या टप्प्यातले. निजामाचा अंमल होता आणि मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. घर माळवदाचे, आणि त्याच्या पाठीमागे विहीर व विहिरीच्या पाण्यावर जगणारी लहानशी बाग: दोन लिंबोण्या, एक शेवगा, मोगऱ्याची रांग, आणि सगळ्यांच्या मध्ये माझ्या आजोबांनी लावलेला आंबा. त्याच्या फळाला शेपूसारखा वास यायचा, म्हणून त्याला सगळे शेप्या म्हणत. आजोबा त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात वारले होते.

आता जे मुळात समजून घ्यायला हवे आणि जे भाचा कधीच सांगत नाही, ते सांगतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईपर्यंत आमच्या घरात पिकलेला आंबा कोणी तोंडात घालत नसे. त्या दिवशी कुंभाराकडून आणलेल्या नव्या घड्यात, ज्याला आम्ही करा म्हणतो, पाणी भरायचे, त्यावर आंबा ठेवायचा आणि तो गेलेल्या माणसांना द्यायचा. मग घरच्यांनी खायचा. कैरीला बंधन नव्हते. पिकलेल्याला होते. त्या वर्षीचा करा आजोबांचा पहिलाच करा होता. दुसरा नेम असा, की गर्भार बाईने काही खायला मागितले तर तिला नाही म्हणायचे नाही. हे दोन्ही नेम आम्ही सारख्याच निष्ठेने पाळत होतो. ते एक दिवस एकमेकांसमोर उभे राहतील, हे कोणाच्याच मनात आले नव्हते.

अक्काला चौथा महिना होता. आदल्या वर्षी तिचे पहिले मूल पोटातच गेले होते. या खेपेला तिच्या पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हते. घोटभर पाणी प्यायली तरी उलटून पडायचे. सासरच्यांनी बैलगाडीत गादी घालून तिला आणून पोचवले, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गावच्या सुईणीने पोट पाहिले आणि आईला बाजूला नेऊन सांगितले, की लेकरू राहायचे असेल तर आठ दिवसांत हिच्या पोटात काहीतरी टिकले पाहिजे, मग ते काय का असेना.

त्या आठवड्यात आमच्या घरात चूल पेटली नाही, सगळे रडत बसले होते, असेही सांगतात. साफ खोटे आहे. उन्हाळ्यातले घर रडत बसू शकत नाही. कुरडयांसाठी भिजवलेला गहू कोणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. आईने गहू वाटला, चीक शिजवला, आणि तो वाटीत घेऊन, वर तूप-गूळ घालून मी ओसरीवर बसून खाल्ला. तसा चीक पुन्हा मिळाला नाही, हेही सांगून टाकतो. पण त्याच चिकाच्या वासाने अक्काला आतल्या खोलीत उमासे येऊ लागले. माझ्या हातातली वाटी अर्धी राहिली. त्या आठवड्यातला प्रत्येक आनंद असा अर्ध्यावर थांबत होता. पण तो नव्हताच, असे म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान आहे.

चुलीचा वास नको म्हणून अक्काची बाज बागेत नेली. सावली दाट म्हणून शेप्याखाली टाकली. ती तिथे टाकण्याचा विचार माझा होता आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही.

पहाटे मी मोट धरायचो. पाणी पाटातून वाहू लागले, की अक्का डोळे मिटून पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायची: आता पहिल्या लिंबोणीला पोचलं, आता मोगऱ्याला वळलं. ती कधी चुकत नसे. मी मुद्दाम पाट फोडून पाणी शेवग्याकडे वळवले, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "लबाडी करून राहिलास का रे?" आणि हसली. हसता हसता तिला उमळून आले आणि पोटात नव्हते तेही बाहेर पडले. तिचे तोंड पुसायला आत्या धावली.

या आत्याला भाच्याच्या गोष्टीत जागाच नाही, आणि माझ्या धाकट्या भावाच्या घरात तिला कैदाशीण करून ठेवले आहे. दोन्ही मला मान्य नाही. ती वडिलांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन परत आली आणि आमच्याच घरात राहिली. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचे सगळे तिने केले. आजोबांना पौषात आंब्याची आठवण झाली होती. पौषात आंबा कुठून आणायचा? त्यांनी तो तिच्याजवळ मागितला होता, आणि तिने उन्हाळ्याचा वायदा केला होता. म्हणून पहिला पाड, म्हणजे झाडावरच पिकू लागलेला पहिला आंबा, खालच्या फांदीवर दिसताच तिने त्याच्याजवळ आजोबांच्या जुन्या पटक्याची चिंधी बांधली आणि मला बजावले, "ह्यो आबाचा. राघूनं चोच मारली तर तुला इचारीन." माझ्या हाती गोफण दिली. चोर ज्याला म्हणतात, तो त्या आंब्याचा राखणदार होता, एवढे लक्षात घ्यावे.

अक्का त्याच फांदीखाली पडून होती. दिवसभर तिला दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते. एका दुपारी तिने वर बोट केले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मला त्यो पायजे."

बाजेजवळ आई होती, आत्या होती, मी होतो. आत्या म्हणाली, की कैरी खा, पन्हे पी, गोरेगावच्या बाजारात मिळेल ते आणवते; पिकलेला तेवढा न्हाई. आई उठून आत गेली आणि त्या दिवसापासून तिचे आत्याशी बोलणे थांबले. भांडीच काय ती वाजत होती.

पन्हे झाले, आंबील झाली, डाळिंब आणले, नदीकाठचे वाळूक आणले. आत्या स्वतः भरवत होती आणि स्वतःच ओकारी पुसत होती. काही टिकले नाही. आईने वडिलांना दोनदा गाठले. सुईण काय म्हणाली ते सांगितले, गर्भारणीच्या मागण्याला नाही म्हणत नाहीत हे सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि उत्तर दिले नाही. याच गप्प राहण्याला भाचा कठोरपणा म्हणतो. ज्या माणसाचा बाप जाऊन पुरते सहा महिने झालेले नाहीत आणि ज्याची लेक डोळ्यांदेखत सुकत चालली आहे, त्याने फडाफडा बोलावे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी तसा प्रसंग अंगावर घेऊन पाहावा. ते बागेत येत, लेकीच्या कपाळावर हात ठेवत, वर पाहत आणि परत जात. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या तोडून रांजणात टाकायचा आमच्याकडे रिवाज होता. त्या वासानेही अक्काला त्रास होतो म्हणून त्यांनी सगळ्या कळ्या खुडून दूर उकिरड्यावर टाकवल्या. रोज घर सोडून उकिरडाच घमघमत होता.

आखाजी अजून चार दिवसांवर होती. त्या सकाळी मी बैल सोडत असताना झाडावर राघूंचा थवा उतरला आणि मी गोफण घेऊन पोचेपर्यंत एक आंबा खाली पडला. चिंधीचा नव्हे, वरच्या फांदीचा, चोच मारलेला. तो अक्काच्या बाजेवर तिच्या हाताशी पडला होता. मी पोचलो तेव्हा तिने तो उचलून नाकाशी धरला होता. तिच्या घशाची हालचाल मला दिसत होती. तोंडाला लावला असता तर मी पाठ फिरवली असती, हेही सांगून ठेवतो. पण तिने तो माझ्यापुढे धरला.

"ने, आत्याला दे. न्हाई तर म्हणतील म्या खाल्ला."

आत्या माझ्या मागोमाग आलीच होती. तिने आंबा हातात घेतला, उलटा केला, उन्हाकडे धरला आणि टोचलेली जागा बारकाईने पाहिली. चोच आहे की दात आहेत, ते पाहत होती. विहिरीच्या काठावरून वडिलांनी ते पाहिले. अक्कानेही पाहिले, आणि तिने कूस बदलून तोंड झाडाच्या बुंध्याकडे केले.

वडील तडक बाहेर पडले. ते कुंभाराच्या घरी गेले होते. आखाजीसाठी करून ठेवलेल्यांतला एक करा घेऊन भर उन्हात, गावाच्या मधल्या वाटेने, सगळ्यांदेखत ते परत आले. चोरीची गोष्ट रचणाऱ्यांनी ही वाट ध्यानात ठेवावी. त्यांनी पोहरा टाकून पाणी काढले, करा धुतला, भरला आणि शेप्याच्या बुंध्याशी, बाजेच्या पायथ्याला ठेवला. आई दारात येऊन उभी राहिली. आत्याने पदर सावरला.

"आज कोणती तिथ हाय, भाऊ?"

"कोणतीच न्हाई."

"मंग हे कोणाला पोचायचं?"

"आबाला." वडील चिंधीच्या फांदीकडे वळले. "ही जवळ बसल्याबिगर आबा ताटाला हात लावत नव्हते, बाई. मोठी झाली तरी. ही इथं उपाशी अन् ते वर आंबा खात बसतील, असं तुला वाटून राहिलं काय?"

त्यावर आत्या जे बोलली, ते माझ्याशिवाय आता कोणालाच ठाऊक नाही. "मला त्यायला एकदा तरी बराबर वाढायचं होतं. शेवटाला त्यायच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं."

"हिच्याबी उतरून न्हाई राहिलं," वडील म्हणाले.

त्यांनी चिंधीजवळचा आंबा स्वतःच्या हाताने उतरवला, कऱ्यावर ठेवला, हात जोडले. भटजी नव्हता, मंत्र नव्हता. क्षणभराने त्यांनी तो उचलला आणि लेकीला नव्हे, बहिणीला दिला. "घे. तूच वाढ."

आत्याने तो घेतला. दोन तळव्यांत घोळून घोळून मऊ केला, देठ काढून पहिला चीक मातीत पिळला, आणि बाजेवर बसून अक्काचे डोके मांडीवर घेतले. पहिला घोट गेला आणि लगेच परत आला. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. आत्याने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "हळू गीळ. कोणी मागं लागलं न्हाई तुझ्या." दुसरा घोट थेंबाथेंबाने दिला. आम्ही वाट पाहत राहिलो. बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज तेवढा येत होता. तो घोट राहिला. तिसराही राहिला.

"आंबट हाय," अक्का म्हणाली. "एवढा गोंधळ करून आंबटच निघाला."

पुढे म्हातारपणी आत्या सांगायची, की त्या दुपारी आबा येऊन बसले होते आणि त्यांनीच पोरीच्या गळ्यावरून हात फिरवला. मी तिथेच होतो. मला कोणी दिसले नाही. आंब्याने चमत्कार केला, असेही मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशीही तिला दोनदा उलटी झाली. पण त्या दुपारपासून घोटाघोटाने पोटात काही राहू लागले. दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली, आणि ती आज स्वतः नातवंडांची आजी आहे. आखाजीच्या दिवशी आत्याने तिथीप्रमाणे पुन्हा करा भरला. वडिलांनी तिला अडवले नाही आणि तिनेही पहिल्या कऱ्याला कधी नावे ठेवली नाहीत.

पहिला आंबा खाल्ला त्याच संध्याकाळी अक्काने आणखी एक मागितला. आत्याने मला झाडावर चढवले आणि स्वतः खाली उभी राहून हुकूम सोडू लागली. हा नको, तो हिरवा आहे, त्याच्या पलीकडचा. अक्का बाजेवरून म्हणाली, की पलीकडचा राघूने टोचला आहे, वरचा काढ. आत्या म्हणाली, तुला खालून काय दिसते? अक्का म्हणाली, आठवडाभर दुसरं काय पाहून राहिले मी? दोघींचे जुंपले. मी फांदीला बिलगून बसलो होतो, एक हात या आंब्यावर आणि नजर त्या आंब्यावर, आणि खाली दोघी एकाच वेळी मला वेगवेगळे काही तरी सांगत होत्या. शेवटी मी दोन्ही तोडले.