माहेरचे जादा युनिट

मी शाळेत विज्ञान शिकवते. कशाला किती वीज लागेल हे काढायला दहावीच्या मुलांना दोन तास पुरतात. आमच्या घरात तेच गणित दीड वर्ष चाललं आणि शेवटपर्यंत चुकतच राहिलं.

गाडी विजेची, बॅटरी चाळीस युनिटची. एका युनिटात साधारण सात किलोमीटर. आमचे हे रोज कामावर जाऊन-येऊन साठ किलोमीटर करतात, म्हणजे नऊ युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाते ती धरून दहा. घरचा पॉइंट तासाला तीन युनिट देतो, साडेतीन तासांत काम भागतं. हे सगळं मीच काढलं आणि कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. गिझर कधी, गाडी कधी, सगळं त्यावर चालायचं. तेवढ्यापुरती मी हुशार होते.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, एकशेदहा किलोमीटरवर. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला एसटीची पायरी चढवत नव्हती. मी जाऊन यायचे, पण आमचं नवं घर तिनं बघितलंच नव्हतं. "तुझ्या गाडीतनं एकदा ने की गं मला," म्हणायची. मला गाडी चालवता येत नाही.

ह्यांना सांगितलं. जायला सोळा युनिट, यायला सोळा. भरून निघालं तर आठ उरतात. ह्यांनी कागद पुढं ओढला.

"घाट हाय." दोन वाढवले. "पाऊस, वायपर, लाइट." आणखी दोन. "तुझी आई बसणार, एसी लागंल." तीन. "आन हातात चार तरी पायजेत."

झाले त्रेचाळीस. मी म्हटलं, घाट चढताना जाते त्यातली थोडी उतरताना परत मिळते. "ती शाळा शाळेत घ्यायची," म्हणाले.

तिथंच चार्ज करू म्हटलं, तर, "खेड्यात व्होल्टेज असतंय व्हय? गाडी जळंल." भाड्याची गाडी करते म्हटलं, तर, "घरात गाडी असताना? लोक तोंडात शेण घालतील." मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझी नणंद गडहिंग्लजला, त्याच वाटेवर, माहेरच्या अलीकडं. तिच्याकडं आम्ही त्या दीड वर्षात चारदा गेलो. एकदा तर गाडी निम्मीच भरलेली. "पोचतोय की," म्हणाले, आणि पोचल्यावर तिच्या अंगणात वायर लावून जेवायला बसले. वायपरचे युनिट नाहीत, हातातले चार नाहीत, एसी मात्र गार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे युनिटलाही लागू पडतं. इथून पुढं पंचेचाळीस किलोमीटरच आहेत, मी म्हटलं. नणंद म्हणाली, "वहिनी, दादा दमलाय की."

आई फोनवर विचारायची, "भरली काय गं गाडी?" मी सांगायचे, पुढच्या आठवड्यात भरते.

श्रावणात, शाळेत तिसऱ्या तासाला भावाचा फोन आला. आई गेली. हे गाडी घेऊन शाळेच्या दारात आले. पडद्यावर एकसष्ट टक्के. त्या दिवशी ह्यांनी कागद मागितला नाही. घाट होता, पाऊस होता, वायपर चालू, एसीही चालू. माहेरच्या दारात थांबलो तेव्हा एकवीस टक्के शिल्लक होते.

आत माणसं बसली होती. ह्यांनी आईच्या खाटेजवळचा मोठ्या पिनेचा पॉइंट शोधला, तिच्या पंख्याचा प्लग काढला आणि खिडकीतून गाडीची वायर आत घेतली. मी तिच्या पायाशी बसून बघत होते. उठून ती वायर ओढून काढावी असं फार वाटलं, पण उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर जायला निघाले. मी तिथंच राहणार होते. गाडीत बसून त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि काच खाली केली.

"फुल्ल झाली की. इथं बी व्होल्टेज चांगलं हाय."

मी त्यांना माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. बरोबर आकडा मला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि मी तो नवऱ्याकडून तपासून घेत बसले.