मामांचे पुठ्ठे

बावीस वर्षं मी मामांसमोर पुठ्ठे धरले. कार्यक्रमात ते काय बोलणार ते मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि कॅमेऱ्याशेजारी उभं राहून एकेक पुठ्ठा पुढे करायचा, हे माझं काम. विनोद काळ्या शाईत, पाहुण्याचं नाव लाल शाईत, आणि लोकांच्या हसण्यासाठी थांबायचं तिथे निळा गोल. पुठ्ठ्याचं तोंड फक्त मामांकडे. बाकीच्यांना कोरी पाठ दिसते. माझ्या अक्षराचं आजवर कुणी कौतुक केलं नाही ते त्यामुळेच, अशी मी मनाची समजूत घालते.

ते टीव्हीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी घराघरांतली पोरं त्यांना मामा म्हणायला लागली. एकदा तर त्यांची सख्खी आईसुद्धा चुकून मामा म्हणाली म्हणे. मामांचे वडील शिंपी होते. पन्नाशीला त्यांचे डोळे गेले, पण दुकान सुटेना. रोज येऊन खुर्चीत बसायचे. मग मापं घेता घेता मामा त्यांना गिऱ्हाइकांचं वर्णन ऐकवायचे. कोण पोट आत ओढून उभा आहे, कोण बायकोच्या धाकाने पँट सैल शिवून घेतोय. वडील हसून हसून खुर्चीतून घसरायचे. हळूहळू माणसं काही शिवायचं नसतानाही दुकानात येऊन बसायला लागली. त्यातलाच एकजण टीव्हीत दिवे लावायच्या कामावर होता. त्याने मामांना हाताला धरून स्टुडिओत नेलं.

मामांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. नवी चप्पल घाला, केस कापून या, दारातच टोमणा तयार. म्हणून मी लाल फ्रेमचा चष्मा घेतला तेव्हा घरूनच उत्तर ठरवून निघाले होते. मामा एक शब्द बोलले नाहीत. कॅन्टीनवाला बोलला, रखवालदार बोलला, मामा नाही. पुढचे आठ महिने मी मनातल्या मनात धुसफुसत होते. इतक्या वर्षांनी मी या माणसाला नकोशी झाले की काय, असं वाटायचं.

मग तो गुरुवार आला. घाईत मी टेबलावरून गठ्ठा उचलला तो मागच्या आठवड्याचा. तेव्हाचा पाहुणा पहिलवान होता, आजची पाहुणी गायिका. सात पुठ्ठे झाले आणि आठवा वर करताना माझं लक्ष गेलं, लाल शाईत पहिलवानाचं नाव. आणि मामा? पुठ्ठ्याकडे एकटक बघत गायिकेचे विनोद धडाधड सांगत होते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मंचाच्या पायऱ्या उतरताना पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्यांची नवी सवय मला आठवली. लोक त्याला माया म्हणत होते.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी मेकअपच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मामा, मला वेड्यात काढू नका. मी आज चुकीचे पुठ्ठे धरले होते."

त्यांनी तोंडावरचा रंग पुसला. "वर्ष होईल. आधी सगळं धुरकट दिसायचं. आता एक पांढरा चौकोन दिसतो, तो म्हणजे तुम्ही. घरी आलेले कागद ही वाचून दाखवते, मी पाठ करतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. वडिलांना म्हणाले तेच मला म्हणतील. मग हे सगळं बंद. मी घरी बसून काय करू, ताई?"

मला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. "उद्या सकाळी डॉक्टरकडे यायचं. नाही आलात तर पुढच्या गुरुवारी मी पुठ्ठे उलटे धरीन. तुम्ही कोऱ्या पुठ्ठ्यावरून काय वाचताय ते बघू दे सगळ्यांना."

सकाळी मामा आले, सोबत त्यांच्या बायको, आमच्या वहिनी. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, आणि भाजी निवडावी इतक्या सहज म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे चांगला पिकलाय. काढून टाकू."

"आणि वडिलांचं ते?"

"त्यांना काचबिंदू असणार. तुमच्या डोळ्यांचा दाब व्यवस्थित आहे."

मामांनी तेच तीनदा विचारलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी घसा फोडून वाचत होते ते मोतीबिंदूपायी?" डॉक्टरीणबाई हसल्या, मी हसले, मामा मात्र हमसून हमसून रडले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर, दोन महिन्यांनी पहिलं रेकॉर्डिंग होतं. या वेळी गठ्ठा मी तीनदा तपासला. संगीत थांबलं आणि मी पहिला पुठ्ठा वर केला. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाले. निळा गोल नसताना गप्प. सगळा स्टुडिओ थांबला.

मामा पायरी उतरले, कुणाच्याही खांद्यावर हात न ठेवता. मग दुसरी, मग तिसरी. थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई," ते माइकमध्ये म्हणाले, "हा लाल चष्मा चौकातल्या सिग्नलचा काढून आणलात का? मी केव्हाचा थांबलोय."

लोक हसत सुटले. इतके महिने तयार ठेवलेल्या उत्तराचा मला एक शब्द आठवेना. मी पुठ्ठ्यामागे तोंड लपवून रडले, आणि मामा पलीकडून त्यावरची पहिली ओळ वाचायला लागले.