वन्स मोअर विजेला

इब्राहिमभाई नाशिकच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. हातांनी सूर आणि पायांनी भाता. प्रयोग करून घरी आले की पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या, मग अनवरीभाभी तेल चोळून द्यायच्या. आमच्या भद्रकालीच्या वस्तीत त्यांच्या कलेची कदर म्हणाल तर तेवढीच.

पुढे बोलपट आले आणि प्रेक्षक तिकडे पळाले. मंडळीचे मालक सावळीराम यांनी घाबरून ऑर्गनच्या भात्याला विजेची मोटर बसवून घेतली. गावभर जाहिरात झाली, 'विजेवर वाजणारा ऑर्गन'. वाजवणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. आमचं नाशिक शहाणं आहे, पण इतकंही नाही. गाणं वीजच वाजवते आणि इब्राहिमभाई नुसती बटणाची राखण करतात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. थिएटर भरून वाहू लागलं. पदापदाला वन्स मोअर, तोही विजेला.

भाईंनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण घरी सवयीनं पाय पुढे केले, तर भाभी म्हणाल्या, "आता कशाला तेल? साळूबाई सांगत होती, तुम्ही तिथं नुसते बसून असता."

शेजारच्या साळूबाईनं कधी थिएटरात पाऊल टाकलेलं नाही, पण तिला सगळं माहीत असतं. भाईंना ते फार लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू?

"शनिवारी तुम्हीच येऊन बघा," भाई म्हणाले.

भाभी आल्या, बायकांच्या बाजूला बसल्या. तिथून दिसणार काय, तर ऑर्गनमागची भाईंची टोपी. भाई जीव ओतून वाजवत होते आणि टाळ्या मोटरीला पडत होत्या. शेवटी, उभ्या आयुष्यात सूर न चुकलेल्या त्या माणसानं ऐन तानेत मुद्दाम भलतीच पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. नायिका झालेला नट गाणं थांबवून म्हणाला, "इब्राहिम, बोटं जाग्यावर आहेत का?"

सगळं थिएटर खो खो हसलं. बाहेर पडताना लोक म्हणत होते, "वीज बिचारी सरळ वाजवत होती, या बाबानं मध्येच हात घातला."

भाई मान खाली घालून घरी निघाले. वाटेत भाभींनी विचारलं, "चुकलं ते तुम्ही वाजवलंत?"

"हो."

"म्हणजे आधीचं सगळंही तुम्हीच?"

भाईंनी मान डोलावली.

"मग ते चुकलेलं तेवढं विजेच्या नावावर घाला," भाभी म्हणाल्या.