मेणाचे बोळे

सोयाबीनच्या दिवसांत आमच्या घरी बोलणं बंद होतं आणि ओरडणं सुरू होतं. आमचे हे थ्रेशरवर मशीनच्या तोंडात सोयाबीन लोटायचं काम करतात, आज या शेतात, उद्या त्या. घरी आले की कानाला दडे बसलेले. मी जेवायला हाका मारमारून थकावं आणि ह्यांनी भिंतीकडे बघत बसावं.

लेक रिठदला दिलेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आधी बापलेकीचं बोलणं संपता संपत नसे, पण यंदा हे "तूच बोल" म्हणून फोन माझ्या हातात देऊ लागले. नीट ऐकू येत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. डॉक्टरने सांगितलंच होतं, गेलं ते परत येत नाही, उरलं ते सांभाळा.

मग मी बोळे करायला घेतले. घरचाच कापूस, सरकी काढून पिंजला. मेणबत्ती वितळवून त्यात थोडं खोबरेल तेल टाकलं, कापूस बुडवला आणि कोमट असतानाच ह्यांच्या कानाच्या मापाने वळला. आत खोल जाऊ नये म्हणून बाहेरचं टोक जाड ठेवलं. भुशात पडले तर सापडावेत म्हणून दोन्ही बोळे लाल दोऱ्याने जोडले.

हे ऐकतील तर शपथ. म्हणे, मशीन दबली हे मी आवाजावरूनच ओळखतो, बोळे घातले तर पट्टा तुटेपर्यंत कळणार नाही. गोष्ट खोटी नव्हती. म्हणून मीच शेतात गेले आणि बोळे घालून मशीनजवळ उभी राहिले. कानठळ्या बसवणारा आवाज गेला होता, पण माल जास्त झाला की मशीनची घरघर जड होते, ती कळत होती. मग ह्यांनी घातले. वहिनीनं बैलाले वेसण घातली म्हणून गडी हसले. हसू दे मेल्यांना.

पुढे हे रोज घालू लागले. काम संपलं की शेतातच काढून खिशात टाकायचे.

एका संध्याकाळी हे दमून आले, डोक्या-कानाला गुंडाळलेला रुमालही न सोडता ओट्यावर बसले. फोन आला. लेक अडून बसली, आज बाबांशीच बोलायचं. मी फोन ह्यांच्या कानाला लावला आणि ह्यांचा चेहराच पडला.

"काहीच आयकू नाही येऊन राह्यलं. गेले व, कान गेले माये."

मला रडू आवरेना. काय झालं बघावं म्हणून रुमाल ओढला, तर खाली लाल दोरा लोंबत होता. त्या दिवशी बोळे काढायचेच राहिले होते. मी दोरा धरून ओढला.

"बाबा, काहून बोलत नाही तुमी?" फोनमधून लेक विचारत होती.

ह्यांनी दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून धरला. डोळे भरून आले होते.

"बोल व माय. आयकून राह्यलो मी."

त्या संध्याकाळी फोन माझ्या हातात आलाच नाही.