लिव्हरच्या गोळीने चढलेलं लिव्हर

"ताई, तुमनं मशीन बिघडेल शे," सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे परत सरकवला.

धरणगावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सलीमभाई गाद्या भरतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांनी रक्त तपासायला दिलं होतं. त्यात एसजीपीटी चारशेच्या वर आला. हे लिव्हरच्या पेशींमधलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं. साधारण चाळीसच्या आत असावं.

"माझं लिव्हर पक्कं आहे. तीन महिने लिव्हरचीच गोळी घेतोय. जडीबुटीची."

मशीनवर आरोप आला की मी चिडत नाही, तपासते. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, चालवला. बरोबर आला. सलीमभाईंचं पुन्हा रक्त घेतलं, सोबत माझंही लावलं. माझं बावीस आलं. त्यांचं परत चारशेवर.

"तुमचं बरं आहे," ते म्हणाले. "तुम्ही कुठे गोळी घेता..." आणि बोलता बोलता स्वतःच थांबले.

जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. काविळीच्या टेस्ट निगेटिव्ह, सोनोग्राफी ठीक, दारूला कधी हात नाही. मग त्यांनी गोळीची डबी मागवली. हळदीचा अर्क, मिऱ्याचा अर्क. पुढचं बोलणं सलीमभाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"सर, हळद तर बायको रोज भाजीत टाकते."

"चिमूटभर टाकते. यात अर्क आहे, आणि मिऱ्यामुळे तो रक्तात जास्त जातो. बहुतेकांना काही होत नाही, काहींच्या लिव्हरला सोसत नाही. गोळी बंद करा. दर आठवड्याला रक्त तपासा."

दुसऱ्याच दिवशी ते बायकोला आणि भावाला घेऊन हजर. दोघांनाही गोळी यांनीच सुरू केली होती. दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आले. भाऊ बराच वेळ हसत होता. गोळी मात्र तिघांचीही बंद झाली.

सलीमभाईंचा आकडा दर आठवड्याला उतरत गेला. सातव्या आठवड्यात तीस. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

"गोळी सुरू कशासाठी केली होती?" मी शेवटी विचारलं.

"झालं काहीच नव्हतं, ताई. डबी छान होती."

औषध घेता का, असं विचारलं की लोक नाही म्हणतात. म्हणून मी आता विचारते, "जेवणाशिवाय आणखी काय काय खाता?" यादी बरीच लांब निघते.