अल्बम अडलाय हळदीवर

मंडळी, रोह्याच्या स्टुडिओतून आत्ताच हात हलवत पेणला परत आलोय.

आयर्लंडच्या एका लोकगीतवाल्या ग्रुपचा पहिला अल्बम मी ऐकला. सगळी त्यांच्या आज्यांची गाणी! मलाही आपल्या गावचा पहिला अल्बम काढायची हुक्की आली. आमची कमळीआत्या लग्नात धवले, म्हणजे एकेका विधीची गाणी, गाते. आमच्या गावात आता ती एकटीच धवलारीण उरलीय.

आज तिला माइकसमोर बसवलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"नवरा कुठं हाय?"

"आत्या, नुसती गाणी गायचीत."

"लगीन नाय न् हळदीचं गानं? हळद कुनाला लावू, या दांडक्याला?"

मी पन्नाशीचा माणूस बाशिंग बांधायला तयार झालो. आत्या म्हणाली, "तुझ्या बायकोला कळलं तर तुझंच गानं वाजंल."

आम्ही सगळे हसलो. पण सोमवारी आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन आहे आणि नंतर आवाज राहील, असं डॉक्टर काही म्हणत नाहीत. तुळशीचं लग्न अजून लांब आहे आणि ते लागेपर्यंत आपल्याकडे मांडव उभा राहत नाही.

परतताना मी तिला अक्षरशः हात जोडले. तेव्हा ती म्हणाली, "मुहूर्त नसला तं नसू दे. पन नवरी खरी पायजे."

तर कोर्टात लग्न करणारं कुणी आहे का? पळून आलेलं जोडपंही चालेल. आईबापांच्या शिव्या मी खातो, हळद आणि जेवण माझ्याकडे. फक्त सोमवारच्या आत या हो.