रेघ एकदाच ओढायची

चिमणीला चिमणी म्हणतात ते तिच्या तोंडामुळे. अंगानं ती चांगली भरभक्कम, चाळिशी ओलांडलेली, काचेच्या दुकानातलं सगळं गिऱ्हाईक एकटीनं सांभाळणारी. सकाळी शटर वर गेलं की तिची टकळी सुरू होते ती शटर खाली येईपर्यंत. दुकान तिच्या भावाचं. भाऊ मागच्या खोलीत चौकटी जोडतो, आणि पुढच्या मोठ्या टेबलावर काच कापते ती त्याची बायको, चिमणीची वहिनी. वहिनी दिवसभरात चार वाक्यं बोलली तर गिऱ्हाइकं घरी जाऊन बातमी म्हणून सांगतात. "दोघींची मिळून सरासरी बरोबर बसते," असं भाऊ म्हणतो.

चिमणीला काच कापायला मात्र कुणी देत नाही. तिनं कटरच्या बारीक चाकानं एक रेघ ओढली की तिला वाटतं, जरा पुसटच आली. मग ती त्याच रेघेवर परत चाक फिरवते, आणि काच भलतीकडेच तडकते. "काचेवर रेघ एकदाच," हे वहिनीच्या त्या चार वाक्यांपैकी एक.

वहिनीच्या डोक्यात नेमबाजीचं खूळ शिरलं ते एका फुटक्या खिडकीतून. पोहण्याच्या तलावामागच्या लांबोळक्या हॉलमध्ये नेमबाजीचा क्लब भरतो. तिथलं तावदान फुटलं होतं, ते बसवायला वहिनी गेली, आणि काच पक्की करायच्या लांबीचा डबा धरायला चिमणी. काम झाल्यावर क्लब चालवणाऱ्या मास्तरांनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या शिक्षकांनी, गमतीनं वहिनीच्या हातात एअर रायफल दिली. वहिनीनं पदराला हात पुसले आणि पाच छर्रे मारले. चरकी फिरवून निशाण्याचं कार्ड तारेवरून जवळ आणलं, तर काळ्या वर्तुळात एकही नाही! पाचही भोकं खाली डाव्या बाजूला. बाकावरची मंडळी फिदीफिदी हसली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी शर्टाचं बटण त्या भोकांवर ठेवलं. पाचही झाकली गेली.

"चुकली खरी, पण पाचही वेळा एकाच जागी चुकली," ते म्हणाले. "ही बाई चुकत नाहीये. बंदूक चुकतेय."

त्यांनी रायफलचे दोन स्क्रू फिरवले आणि पुढचे पाच छर्रे काळ्यात बसले. ही हकीकत चिमणी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. जुन्या गिऱ्हाइकांना ती पाठ आहे, पण आरसा पॅक होईपर्यंत ऐकून घेण्यावाचून बिचाऱ्यांना गत्यंतर नसतं.

मास्तरांचं शिकवणं साधं होतं. हात सगळ्यांचेच हलतात, हलू द्यायचे. मन हललं तर मात्र ते कार्डावर दिसतं. आणि दुसरं, छर्रा सुटला की कार्ड जवळ आणण्याआधी तो कुठे लागला ते आपणच सांगायचं. सुटताना आपलं मन कुठे होतं हे ज्याला कळतं, त्याला छर्रा कुठे गेला हेही कळतं. वहिनीला ही सवय अशी लागली की ती ओठांतल्या ओठांत गुणांचा आकडा पुटपुटायची, मगच चरकी फिरवायची. मागच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसलेल्या चिमणीला तो आकडा ऐकू यायचा. "नऊ, वर," असं वहिनी म्हणाली की नऊच, आणि वरच. चिमणीला ही जादूच वाटायची.

काही वर्षांत चिमणी वहिनीची कार्डं घरच्या आरशासारखी वाचायला शिकली. नवऱ्याशी कडाक्याचं भांडून आली की छर्रे उजवीकडे. भांडण मिटवून आली की मधोमध. आणि भांडण गिळून आली, तर कुठेही! कार्डाची नुसती चाळण व्हायची. एकदा तशी चाळण बघून चिमणीनं घरी येऊन भावाला सुनावलं होतं, "आधी तिच्याशी नीट भांडून घे, मग पाठवत जा." भावानं ते मनावर घेतलं. त्या वर्षी वहिनीला पहिलं पदक मिळालं.

मग गेल्या वर्षीचं ते झालं. क्लबांमधल्या मोठ्या सामन्याच्या दिवशी सकाळीच भावाच्या तळहातात काच शिरली. टाके पडले. "तू जा, मला काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि वहिनी गेली. पण निम्मी तिथे, निम्मी घरी. सामना संपत आला असताना तिनं नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला आणि "दहा" असं पुटपुटून चरकी फिरवली. कार्ड कोरं आलं. दहा लागला होता, अगदी मधल्या ठिपक्यावर, पण शेजारच्याच्या कार्डावर. नेमबाजीत त्याला शून्य मिळतं. त्या शून्यापायी क्लबची ढाल गेली. कुणी तिला घालूनपाडून बोललं नाही, पण धीराचा शब्दही कुणी बोललं नाही. चिमणीनंसुद्धा नाही. तिच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदाच कुलूप लागलं होतं, आणि नेमकं नको तेव्हा.

तेव्हापासून वहिनीचं सगळंच बिघडलं. छर्रा मारण्याआधी ती आपल्या उभं राहायच्या गल्लीचा नंबर बघायची. मग कार्डाचा नंबर. मग परत गल्लीचा. तोवर खांदा भरून यायचा आणि नेम ढळायचा. सरावात बरी, सामन्यात माती. क्लबचा संघ तिघांचा. मास्तरांनी स्पष्टच सांगितलं, या वेळच्या निवडीत पहिल्या तिघांत आलात तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "या खेपेला नाही जमलं तर रायफल परत देऊन टाकते." आणि भाजी वाढायला लागली, जणू मीठ संपल्याचं सांगत होती.

चिमणीनं भाजी नको म्हणून ताट सरकवलं. वहिनी रायफल देऊन टाकणार म्हणजे काय? ती हॉलमधून परतताना तिच्या चालण्यात जो एक डौल यायचा, तो कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात चिमणीनं चोरून काचेचा एक तुकडा घेतला, रेघ ओढली, आणि सवयीनं परत त्याच रेघेवर चाक टेकवलं.

"चिमे! काचेवर रेघ एकदाच!" वहिनी टेबलापलीकडून ओरडली.

चिमणीनं कटर आपटला. "मला काय सांगतेस? तू वर्षभर काय करतेयस? तो एक छर्रा सुटला, गेला, संपला. तू रोज त्याच्यावर परत चाक फिरवतेयस! मग तडकेल नाही तर काय होईल?"

दुकानात आलेलं गिऱ्हाईक नकळत दोन पावलं मागे सरलं. वहिनीनं हातातली काच खाली ठेवली, आणि ती त्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यांचा आरसा अजून पॅक व्हायचाय. बघ जरा."

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये आठ नेमबाज होते. वहिनीच्या उजवीकडच्या गल्लीत दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण घाबरट. दुसऱ्यांच्या दाढा उपटताना त्यांचा हात हलत नसे, आणि इथे मात्र कपाळाला घाम.

पहिल्याच छर्र्याला चिमणीला फरक दिसला. वहिनीनं गल्लीचा नंबर एकदा बघितला. एकदाच. नेम धरला आणि सोडला. "दहा." कार्ड आलं, दहा. मग नऊ. मग परत दहा. नऊ लागला की तिची मान हलायची नाही, दहा लागला तरीही नाही. कार्ड काढायचं, नवं लावायचं. चिमणीच्या जिवात जीव आला. मास्तर मागून फेऱ्या मारत होते, ते वहिनीच्या मागे जरा जास्त रेंगाळायला लागले. फळ्यावरचे आकडे बघून चिमणीनं मनातल्या मनात हिशोब केला. वहिनी तिसरी होती.

नेमकं तेव्हाच वहिनीनं छर्रा सोडला आणि चिमणीला स्वच्छ ऐकू आलं, "आठ. उजवीकडे."

कार्ड जवळ आलं तर त्यावर दोन भोकं! एक ठिपक्यावर, दहा. एक उजवीकडे, आठ. वहिनीनं मास्तरांना हात केला. मास्तरांनी शेजारी बघितलं. डॉक्टरांचं कार्ड कोरं होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्याकडून तुमच्या कार्डावर गेला वाटतं... कुठला माझा? मला, खरंच, काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी चष्मा पुसला. "डॉक्टर, तुम्हाला शून्य. आणि दोनांतला कुठला कुणाचा हे कळत नसेल, तर जास्त गुणांचा छर्रा ज्याचं कार्ड त्याला. नियम आहे. वहिनी, तुम्हाला दहा."

चिमणीनं बाकाची कड घट्ट धरली. गप्प बस, वहिनी. एरवी बोलत नाहीस, आज तर अजिबात बोलू नकोस.

"कळत नसेल तर," वहिनी म्हणाली. "मला कळतंय. आठ माझा."

"तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं," मास्तर हळूच म्हणाले.

"छर्रा सुटताना माझ्या मनात आलं की आता मी संघात आले. मन पुढे पळालं, आणि छर्रा उजवीकडे. आठच लिहा."

मास्तरांनी आठ लिहिला. वहिनी मग डॉक्टरांकडे वळली. तिनं चिमणीच्या बाजूची पाण्याची बाटली उचलून त्यांना दिली आणि म्हणाली, "प्या. गेला तो छर्रा. माझाही गेल्या वर्षी गेला होता. आता पुढचा."

गेल्या वर्षी हेच कुणीतरी हिला म्हणायला हवं होतं, हे चिमणीला तेव्हा कळलं, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटचे दहा छर्रे राहिले होते. वहिनीनं ते एकेक करून मारले. दहाच्या दहा दहा! सामन्यात असं तिचं आजवर कधी झालं नव्हतं. ती एकदाही फळ्याकडे वळली नाही, डॉक्टरांच्या गल्लीकडेही नाही. जी बाई वर्षभर एका छर्र्यापायी नीट झोपली नव्हती, ती दोन गुण हातचे सोडून अशी उभी होती की बघत राहावं. बाकावरचे लोक उठून उभे राहिले होते. चिमणीच्या डोळ्यांत पाणी, आणि बोटांवर हिशोब.

हिशोब वाईट निघाला. वहिनी चौथी. तिसऱ्या आलेल्या मुलीपेक्षा एक गुण कमी.

मास्तर वहिनीजवळ आले. "पहिल्या दिवशीची बाई आज परत दिसली," एवढंच म्हणाले. रायफल परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही, आणि वहिनीनंही ती दिली नाही. नीट पुसून, पेटीत घालून घरी आणली.

वाटेत चिमणी एक अक्षर बोलली नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती साचलेली सगळी वाफ दुसऱ्या दिवशी दुकानात बाहेर पडली.

"एक गुण, वहिनी! हात दाखवून अवलक्षण! यात भलं कुणाचं झालं? डॉक्टरांना शून्य ते शून्यच. मोठी सत्यवादी लागून गेलीस! तोंड उघडलं नसतंस तर आज संघात असतीस. एका गुणासाठी..."

भाऊ मागच्या खोलीतून डोकावला आणि पुन्हा आत गेला. वहिनी टेबलावर तावदान मांडत होती. मापं घेतली, पट्टी लावली. मग तिनं कटर उलटा धरून चिमणीपुढे केला.

"घे. काप."

"मी?"

"तूच."

चिमणीनं कटर घेतला, पट्टीला टेकवला आणि ओढला. सुरुवातीला एकसारखा चर्र आवाज येत होता. मध्यावर तिला वाटलं, जमतंय की आपल्याला! आणि तिथेच आवाज जरा फसला. ती टोकापर्यंत गेली. रेघ मध्ये बोटभर पुसट आली होती. तिचा हात आपसूक मागे वळला, चाक काचेवर टेकणार इतक्यात तिनं वहिनीकडे बघितलं. वहिनी नुसती बघत होती.

चिमणीनं कटर बाजूला ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "आठ. मध्यावर."

"हो. मन पुढे पळालं तुझं," वहिनी म्हणाली. "आता तोड."

चिमणीनं काच टेबलाच्या कडेवर सरकवली, दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली. टक्क. काच रेघेवरच तुटली. मध्ये नखाएवढा कपचा उडाला होता, तेवढाच. चौकटीत तो झाकला जाणार होता. वहिनीनं त्यावरून अंगठा फिरवला आणि मागच्या खोलीत हाक मारली, "अहो, चौकट आणा. चिमणीची काच तयार आहे."